मागे घेतलेला प्रश्न

१

माझ्या बायकोचा प्रश्न त्या दिवशीच्या यादीत तिसरा होता. सकाळी सव्वाआठला यादी छापून माझ्या टेबलावर आली, तेव्हा तिसऱ्या क्रमांकावर भलत्याच गावच्या पाण्याच्या टाकीचा प्रश्न होता.

मी सभागृहाच्या छापखान्यात बांधणीचं काम करतो. एकतीस वर्षं झाली. निवडून आलेली माणसं बोलतात, लघुलेखक लिहून घेतात, छापखाना छापतो आणि मी शिवतो. कोण काय बोललं याच्याशी माझा कधी संबंध नव्हता. कागद सरळ आहे का, घडी नीट बसली का, एवढंच मी बघायचो. बायको हसायची. "अहो, एवढं सगळं तुमच्या हातून जातं आणि तुम्ही वाचत नाही? मग?" तिला प्रत्येक गोष्टीवर "मग?" विचारायची सवय होती. एक उत्तर दिलं की दुसरा "मग?" तयार.

चार महिन्यांपूर्वी भर दुपारी तिला श्वास लागला. दोन वाजून दहा मिनिटांनी मी रुग्णवाहिकेसाठी फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "गाडी निघाली आहे. पेशंटला हलवू नका." मी हलवलं नाही. दवाखाना चार किलोमीटरवर. गाडी आली साडेतीनला. ती वाटेत गेली.

चालकाचे डोळे लाल होते. मला वाटलं, प्यायलाय. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. मनात ठेवलं आणि त्यावरच जगत होतो.

आमच्या भागातून निवडून आलेल्या बाईंना सगळे ताई म्हणतात. पूर्वी त्या शाळेत गणित शिकवायच्या. मी त्यांच्याकडे गेलो आणि त्यांनी सरकारला तारांकित प्रश्न टाकला. तारांकित म्हणजे मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरावर आणखी विचारता येतं. त्याला उपप्रश्न म्हणतात. आमचा प्रश्न साधा होता: निघाली म्हणून सांगितलेली गाडी ऐंशी मिनिटं कुठे होती?

शेकडो प्रश्नांतून चिठ्ठी निघाली आणि तो तिसरा लागला. अधिवेशनाचा तो शेवटचा दिवस. अकरा वाजता प्रश्नांचा तास. त्या तासात तो आला नाही, तर गेलाच.

यादीच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला, एक ओळ होती: "मूळ प्रश्न क्रमांक तीन सदस्यांनी मागे घेतला."

२

ताईंच्या खोलीपर्यंत तीन जिने आहेत. मी ते कसे चढलो ते आठवत नाही.

"ताई, तुम्ही प्रश्न मागे घेतलात?"

"कुठला?"

मी यादी पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली, चष्मा काढला. "वेड लागलंय का मला? दोन रात्री बसून उपप्रश्न काढलेत."

त्यांच्या टंकलेखिका काकू कोपऱ्यात कागद लावत होत्या. त्यांच्या हातून गठ्ठा खाली पडला. "अगंबाई," एवढंच त्या म्हणाल्या.

आम्ही दोघं प्रश्न शाखेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांना सगळे शिक्केसाहेब म्हणतात, कारण दिसेल त्या कागदावर ते वेळेचा शिक्का मारतात. जेवणाच्या डब्याच्या झाकणावरसुद्धा एकदा मारला होता.

"काल दुपारी चार वाजून पाच मिनिटं," त्यांनी फाइल उघडली. "हे पत्र सूचनांच्या पेटीत पडलं होतं. नियमाप्रमाणे घेतलं."

सदस्यांना सूचना द्यायला जो छापील कागद मिळतो, तोच होता. त्यावर संगणकावर छापलेलं एकच वाक्य: "रुग्णवाहिका चालकाबाबतचा माझा तारांकित प्रश्न क्रमांक तीन मी मागे घेत आहे." खाली सही.

ताई सहीकडे बघत राहिल्या. वर्गात गणित चुकलेल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला.

"काय झालं?" मी विचारलं.

"सही माझीच आहे," त्या म्हणाल्या.

३

सभागृहाच्या सचिवांनी हात वर केले. "ताई, सही तुमची, कागद आपला, वेळेत आलेला. तुम्ही म्हणता पत्र माझं नाही. मग दाखवून द्या. साडेदहापर्यंत दाखवलंत, तर मी अध्यक्षांकडे नेतो. नाहीतर माझेही हात बांधलेले आहेत."

भिंतीवर सव्वानऊ झाले होते.

बाहेर आल्यावर ताईंनी खरं काय ते सांगितलं. सूचना ठरल्या तारखेच्या आत पोचावी लागते. सदस्य दौऱ्यावर असला तर तारीख हुकते. म्हणून जवळजवळ सगळेच सदस्य कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवतात. मागाहून कुणीतरी मजकूर घालतो आणि पेटीत टाकतो.

"चांगली सवय नाही," त्या म्हणाल्या. "पण लागली."

"असे कागद कुणाकुणाकडे होते?"

"दादांकडे. माझ्या बाकाशेजारी बसतात ते. आणि काकूंकडे."

तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला दादाच दिसले. सहा फूट उंच, आणि हसले की खिडकीच्या काचा वाजतात. त्यांच्याबरोबर आरोग्य खात्याचे संपर्क अधिकारी चहा पीत होते. खात्याची उत्तरं सभागृहात पोचवणं हे त्या अधिकाऱ्यांचं काम. मला वाटलं, इथेच पाणी मुरतंय. सरळ जाऊन उभा राहिलो.

"ताईंचा प्रश्न तुम्ही काढायला लावलात का?"

छापखान्याच्या माणसाने असं विचारणं म्हणजे फारच झालं. पण अधिकारी चिडले नाहीत. उलट गोंधळले. "काढला? का काढला? आमचं उत्तर तर एकदम तयार आहे. मंत्रीसाहेब खूश आहेत उत्तरावर. ताई, विचारा हो तुम्ही. आम्हाला काही अडचण नाही."

त्यांनी उत्तराची प्रत ताईंच्या हातात दिली. दहाला वाटणारच होते. मी खांद्यावरून वाचलं: "सदर विलंब चालकाच्या हलगर्जीपणामुळे झाला. चालकास निलंबित करण्यात येत आहे. रुग्णवाहिकांची व कर्मचाऱ्यांची कोणतीही कमतरता नाही."

एक क्षण मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. मला एक माणूस हवा होता, तो मिळाला.

"दादा," ताई म्हणाल्या, "मी दौऱ्यावर गेले तेव्हा तुम्हाला कोरे कागद दिले होते."

"दिले होते की. दहा. दहाच्या दहा प्रश्न टाकले तुमच्या नावाने. त्यातला एक लागला, तर मंत्री माझ्याकडे बघून म्हणाले, हा प्रश्न तुमच्यासारखा वाटतो." ते हसले. काचा वाजल्या. "का, हिशेब मागता काय?"

"दादा, प्रश्न चोरीला गेलाय."

हसणं थांबलं. "माझ्यावर संशय?" ते माझ्याकडे वळले. "बुवा, तुमची बायको गेली, मला वाईट वाटतं. पण साप साप म्हणून भुई धोपटू नका."

ते निघून गेले. साडेनऊ. माझ्याकडे एक सही, एक वाक्य आणि एक रागावलेला माणूस होता.

मग मला वाटलं, मी सगळ्यांची तोंडं बघत बसलोय. ज्यातलं मला कळतं, तो कागद मी हातातसुद्धा घेतला नाही.

४

शिक्केसाहेब कागद द्यायला तयार नव्हते. "हात लावू नका. पुरावा आहे."

"साहेब, हा कागद तुमच्याकडे यायच्या आधी माझ्याच हातचा आहे."

त्यांनी दिला. मी वरची कड अंगठ्याने चाचपली.

या कागदांची पॅडं मी बांधतो. पंचवीस कागद, मागे पुठ्ठा, वरच्या कडेला सरस. असा कागद ओढून काढला की कडेला सरसाची बारीक खरखर राहते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. या कागदाची कड गुळगुळीत होती. आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांजवळ बारीक भोकं होती. दोन इकडे, दोन तिकडे.

"पिनांची आहेत," मी म्हणालो. "माझी पॅडं पिनांची नसतात."

"मग हा कागद बाहेरचा?" ताईंनी विचारलं.

"नाही. बायको गेल्यावर मी पंधरा दिवस घरी होतो. तेव्हा बांधणीला कुणी नव्हतं. मशीनवाल्याला सरस लावता येत नाही. त्याने पिना मारून काम भागवलं. परत आल्यावर मी त्याला चार शब्द सुनावले आणि उरलेली पॅडं उसवून पुन्हा चिकटवली."

म्हणजे कागद त्या पंधरवड्यातला होता. आमच्या भांडाराच्या वहीत बघितलं. पिनांची पॅडं पाच सदस्यांनी नेली होती. त्यांत ताईंचं एक.

ताई पुन्हा गणिताच्या बाई झाल्या. "बरोबर. तेव्हाच समितीचा दौरा होता. मी त्याच पॅडवरच्या पंधरा कागदांवर सह्या केल्या. दहा दादांना दिले, पाच काकूंना. उरलेले दहा कोरे नातीने चित्रं काढून संपवले. त्यांवर सही नव्हती."

शिक्केसाहेबांनी आपली नोंदवही ओढली. आता त्यांनाही चेव आला होता. त्या तारखांना ताईंच्या नावाने आलेल्या सूचना त्यांनी बोटाने मोजल्या. "दादांनी स्वतः पोच घेऊन दिलेल्या दहा. इथे त्यांची सही. पेटीतून आलेल्या चार. एकूण चौदा."

"पंधरातून चौदा गेले," ताई म्हणाल्या.

दादांचे दहा पुरे झाले होते. अधिकाऱ्यांच्या हाती कोरा कागद कधी आलाच नव्हता. उरल्या काकू.

"त्या म्हणाल्या होत्या, एकावर चहा सांडला, फेकून दिला," ताई हळू म्हणाल्या. "पण काकू? त्या का करतील? बारा वर्षं आहेत माझ्याकडे. तुमची तक्रार टाइप करताना रडल्या त्या."

मी पत्राचं वाक्य पुन्हा वाचलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी कागद सरळ आहे का ते न बघता त्यावर काय लिहिलंय ते बघत होतो.

"ताई, आपल्या प्रश्नात चालक हा शब्द आहे?"

"नाही. गाडी कुठे होती, एवढंच विचारलंय."

"मी चालकाबद्दल कुणालाही बोललो नाही. खात्याचं उत्तर आज सकाळी फुटलं. मग काल दुपारी चारला हा प्रश्न चालकाबाबतचा आहे, असं कुणाला वाटलं?"

आणि मला आठवलं. माझी तक्रार टाइप करताना काकूंनी विचारलं होतं, "गाडीचा नंबर काय हो?" मी सांगितला आणि त्यांची बोटं थांबली. मला वाटलं, माझ्यासाठी थांबली. त्याआधी, बायको असताना, याच काकू आम्हाला कौतुकाने सांगायच्या: "जावई चांगला मिळाला. सरकारी गाडीवर आहे."

५

काकू खोलीत बसून होत्या. पडलेला गठ्ठा अजून तसाच होता.

ताई बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, "मीच टाकलं पत्र."

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही.

"गेल्या आठवड्यात त्याला नोटीस आली. सभागृहात प्रश्न लागलाय, तुझ्यामुळे, खुलासा कर. मुलीला सातवा महिना आहे. ताई, मला दुसरं काही सुचलं नाही. चहा सांडलेला कागद वाळवून ठेवला होता. डाग खालच्या बाजूला होता, तो कापला."

"जावई पितो का?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली. "पितो? दुधाचा चहासुद्धा पित नाही तो. झोपला होता."

"काय?"

"झोपला होता, भाऊ. त्या गाडीवर दोन चालक हवेत. दुसरा वर्षापूर्वी सोडून गेला, जागा भरलीच नाही. आदल्या दिवशी सकाळपासून हा एकटा. तीस तास. तुमचा फोन आला तेव्हा नुकताच लांबच्या फेरीवरून आला होता. फोनवरच्या माणसाने त्याला पत्ता दिला आणि तुम्हाला सांगितलं, गाडी निघाली. हा तोंडावर पाणी मारायला नळाकडे गेला आणि तिथल्या बाकावर टेकला. एवढंच. जाग आली तेव्हा तास उलटून गेला होता. एकच चालक, म्हणून बघायलाही कुणी नव्हतं. त्याने तीनदा लिहून दिलंय, माणूस द्या, माणूस द्या. तीनही अर्जांच्या प्रती मुलीकडे आहेत."

मी घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून पाच मिनिटं.

लाल डोळे. मी चार महिने त्या डोळ्यांचा द्वेष केला होता. आता दुसरंही आठवलं. आमचा जिना अरुंद आहे, स्ट्रेचर वळत नाही. त्याने हिला दोन्ही हातांवर उचलून खाली नेलं होतं. प्रत्येक पायरीला म्हणत होता, "आलो आई, आलो."

"भाऊ, मी तुमच्यासमोर उभी राहण्याच्या लायकीची नाही," काकू म्हणाल्या. "मला घेऊन चला सचिवांकडे. मी सांगते."

साडेदहाला पंचवीस मिनिटं होती. त्यांना नेलं असतं तर प्रश्न परत आला असता. त्यांची नोकरी गेली असती, जावयाची गेल्यातच जमा होती, आणि मंत्र्यांनी तेच उत्तर वाचलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी ताईंकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. बायको माझी गेली होती, म्हणून त्या थांबल्या होत्या.

माझ्या डोक्यात हिचा आवाज आला. चालक झोपला. मग?

"ताई," मी म्हणालो, "मला त्याचं नाव नको. तुमचे उपप्रश्न बदलता येतील?"

६

सचिवांसमोर ताईंनी पिनांचा कागद ठेवला, भांडाराची वही ठेवली, शिक्केसाहेबांची नोंदवही ठेवली. पंधरा आणि चौदा समजावून सांगितले.

"मग पंधरावा कुणी वापरला?" सचिवांनी विचारलं.

"माझ्या कार्यालयात गैरवापर झाला. कोऱ्या कागदावर सही मी केली, दोष माझा. सभागृहात तसं सांगून माफी मागते. नाव मी देणार नाही. आतला बंदोबस्त मी करीन."

सचिव कागद घेऊन आत गेले. आठ मिनिटं लागली. बाहेर आले आणि म्हणाले, "अध्यक्ष म्हणतात, असला निष्काळजीपणा पुन्हा दिसला तर ते स्वतः प्रश्न बाद करतील. यादीला पुरवणी छापा. लवकर."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. मी धावलो. पुरवणीच्या प्रती मी स्वतः घडी करून बाकांवर ठेवल्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाकड्या घड्या असतील.

मग प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ताईंनी आधी माफी मागितली. समोरच्या बाकांवर खसखस पिकली. मग मंत्र्यांनी उत्तर वाचलं. चालकाचा हलगर्जीपणा, निलंबन, कमतरता नाही. बसले.

"उपप्रश्न," ताई उठल्या. "त्या चालकाने त्याआधी सलग किती तास गाडी चालवली होती?"

मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या कोपऱ्याकडे बघितलं. संपर्क अधिकारी कागद चाळत होते. "माहिती घेऊन सांगण्यात येईल."

"मी सांगते. तीस. त्या गाडीवरची चालकाची दुसरी जागा किती दिवस रिकामी आहे?"

"माहिती घेऊन..."

"एक वर्ष. ती भरा म्हणून चालकाने तीन अर्ज दिले. पहिला दहा महिन्यांपूर्वीचा. हे तीन अर्ज मी सभागृहासमोर ठेवते. तेव्हा कमतरता नाही, हे वाक्य मंत्रिमहोदय परत वाचतील का?"

काकूंच्या मुलीने सातव्या महिन्यात रिक्षा करून ते कागद पोचवले होते. अकराला दोन मिनिटं कमी असताना.

आणि मग दादा उठले. मला वाटलं, आता हा माणूस सूड उगवतो. "अध्यक्ष महोदय, माझ्या भागात सहा गाड्या आहेत, चालक हवेत बारा, आहेत सात. सातवा कोणत्या गाडीत बसतो, हे मंत्री सांगतील काय?" ते हसले नाहीत. समोरच्या बाजूचे, मंत्र्यांच्याच पक्षाचे, एक म्हातारे सदस्य उठले. "आमच्याकडेही तेच आहे." मग आणखी एक. मग बोलणं कळेनासं झालं, आणि अध्यक्षांनी टेबल वाजवलं.

मंत्री उभे राहिले. घाम पुसून साधं बोलले. ते मला आवडलं. "मला दिलेली माहिती अपुरी होती. निलंबनाचा आदेश थांबवतो. प्रत्येक गाडीवर दोन चालक, तीन महिन्यांत. हे मी सभागृहाला आश्वासन देतो."

सभागृहात दिलेलं आश्वासन लिहून घेतलं जातं, आणि ते पाळलं की नाही हे बघायला समिती असते. हे मला त्या दिवशी कळलं. त्या समितीचे अहवाल मीच शिवत होतो.

७

त्या दिवसाच्या कामकाजाचा खंड दोन महिन्यांनी माझ्याकडे बांधायला आला. मी ती पानं वाचली, मग शिवली. टाके थोडे जवळ घातले, एवढंच.

ताई आता कोऱ्या कागदावर सही करत नाहीत. काकूंना त्यांनी ठेवून घेतलं, पण पॅडच्या कपाटाची किल्ली स्वतःकडे घेतली. मी महिनाभर काकूंशी बोललो नाही. मग एकदा त्यांनीच माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला. कागदापासून हातभर लांब. मी म्हणालो, "सांडला तरी आता मला कळेल." त्या हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम.

परवा त्या धावतच छापखान्यात आल्या. सकाळी आठची वेळ.

"भाऊ, मुलीला कळा सुरू झाल्या काल. दुपारीच. फोन केला. अकरा मिनिटांत गाडी आली. मी घड्याळ लावून बघितलं."

"जावईच होता गाडीवर?"

"छे! त्याची सुट्टी होती. घरी झोपला होता, घोरत होता. गाडी दुसऱ्याने आणली. याला हलवून उठवावं लागलं, तेव्हा कुठे बसला बायकोशेजारी."

मी सरसाची कुंचली खाली ठेवली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! मुलगी झाली."